नोंद आधी कोणाला दिसते? शिरूर-दौंडच्या जमिनीचे कागद आणि ई-गव्हर्नन्सचा इतिहास

पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "ई-गव्हर्नन्सवर विषय घेऊ का?" घ्या की. पण पुढचं वाक्य साधारण असं असतं: "अमुक तालुक्यातील ऑनलाइन सेवांचा नागरिकांच्या समाधानावर होणारा परिणाम". मग पन्नास प्रश्नांची प्रश्नावली, शंभर उत्तरं, एक पाय चार्ट, आणि निष्कर्ष म्हणून "तंत्रज्ञानामुळे पारदर्शकता वाढली". असा प्रबंध होतो, मान्य. पण त्यातून आपल्याला नवीन काय कळलं?

मी मूळची विज्ञान शाखेची, एम.एस्सी. सांख्यिकी. आकडे मला आवडतात. पण आकडा कसा तयार झाला हे माहीत नसेल तर त्याच्यावर चाचणी लावून उपयोग नसतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं असतं. सरकारी नोंदींचंही तसंच आहे. म्हणून आजच्या लेखात आपण एकच कागद घेऊ, सातबारा. प्रदेशही छोटाच घेऊ, पुणे जिल्ह्यातले शिरूर आणि दौंड हे शेजारचे दोन तालुके. आणि काळ जरा मोठा घेऊ, साधारण दोनशे वर्षांचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुम्ही ते तपासू शकाल. कारभार खुला आहे की नाही हे उतारा किती लवकर मिळतो यावरून ठरवू नये. नोंद पक्की होण्याआधी ती ज्याच्याबद्दल आहे त्याला दिसते का, आणि त्याला हरकत घेता येते का, यावरून ते ठरवावं. संगणक आल्यानंतरही कसोटी हीच आहे, आणि संगणक येण्याच्या कितीतरी आधी ती याच भागात पुढे आली होती.

कुलकर्ण्यांचं दप्तर

शिरूरच्या बाजूला घोडनदी, दोन्ही तालुक्यांच्या मधून भीमा. आज इथे रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती आहेत, दौंड मोठं रेल्वे जंक्शन आहे, कालव्याचं पाणी आहे, ऊस आहे. जमिनीला भाव आहे. एकोणिसाव्या शतकात मात्र हा पुण्याच्या पूर्वेकडचा कमी पावसाचा पट्टा होता. ज्वारी-बाजरी, आणि पाऊस रुसला की काही नाही. आजच्या दौंड तालुक्याचा बराचसा भाग तेव्हा भीमथडी तालुक्यात होता, हेही लक्षात ठेवा. जुनी कागदपत्रं शोधताना 'दौंड' शोधत बसलात तर निम्मी सामग्री हातची जाईल.

पेशवाईत आणि त्यानंतर बराच काळ गावाचा हिशोब कुलकर्णी ठेवत. कोणाची किती जमीन, किती सारा, किती बाकी, हे सगळं त्यांच्या दप्तरात मोडी लिपीत. ते वतन होतं, म्हणजे वडिलांकडून मुलाकडे जाणारं. पाटील वसुली करणार, कुलकर्णी लिहिणार, आणि चावडीवर बसून गोष्टी ठरणार. ही व्यवस्था पूर्णपणे बंदिस्त होती असं म्हणता येत नाही, कारण कोणाचं शेत कुठपर्यंत हे गावातल्या सगळ्यांना तोंडपाठ असायचं. पण लिहिलेलं काय आहे ते वाचू शकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बोललेलं आणि लिहिलेलं यांत फरक पडला की लिहिणाऱ्याची बाजू आपोआप वरचढ व्हायची.

अचूक गणित, खोटी माहिती

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि कंपनी सरकारला साऱ्याची नवी पद्धत हवी होती. आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याकडे ते काम आलं. १८२० च्या दशकाच्या शेवटी त्याने दख्खनमध्ये मोजणी केली. कल्पना त्या काळाच्या मानाने अगदी आधुनिक होती. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं उत्पन्न काढायचं, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा, आणि जे निव्वळ उरेल त्याच्या ५५ टक्के सारा ठरवायचा. रिकार्डोच्या अर्थशास्त्रातून आलेली ही पद्धत कागदावर निर्दोष होती.

प्रत्यक्षात ती कोसळली. उत्पन्नाचे आणि खर्चाचे आकडे गोळा करणारे खालचे कर्मचारी लाच घेऊन प्रती बदलत, मोजणीत घोळ करत. वरच्या कचेरीत त्या खोट्या आकड्यांवर बारीक गणितं चालत. सारा झेपेना, इंदापूरसारख्या तालुक्यात लोक जमिनी टाकून निघून गेले. डेटाच्या भाषेत सांगायचं तर मॉडेल चांगलं होतं, पण माहितीची खातरजमा करायची वाटच त्यात ठेवलेली नव्हती. ज्याच्या शेताची प्रत लागत होती त्याला ती का लागली हे समजण्याचीही सोय नव्हती.

मग १८३५ मध्ये इंदापुरातच गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचं गणित बाजूला ठेवलं. जमिनीचा रंग, पोत आणि खोली पाहायची, आणि तिला आण्यांत प्रत द्यायची. सर्वांत चांगली ती सोळा आणे, बाकीच्या त्याखाली. शेताला क्रमांक, हद्दीला दगड आणि बांध, आणि सारा ३० वर्षांसाठी ठरलेला. सर्व्हे नंबर हा शब्द आपल्या बोलण्यात आला तो इथून. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत मुंबई इलाख्यासाठी पक्की केली.

ही पद्धत टिकली याची कारणं बरीच सांगता येतील. सारा कमी केला हे त्यातलं मोठं. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. सोळा आणे जमीन म्हणजे काय हे शेतकऱ्याला कळत होतं. हद्दीचा दगड त्याला डोळ्यांनी दिसत होता. नोंद खरी की खोटी, हे पडताळण्याइतकी ती साधी झाली. संशोधनाच्या टिपणवहीत हे लिहून ठेवा: व्यवस्था जितकी गुंतागुंतीची, तितकी ती तपासणारी माणसं कमी.

करडे, सुपे आणि जाळलेली खतं

साऱ्याची नोंद सरळ झाली, पण कर्जाची नोंद सावकाराच्या घरी होती. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला, कर्ज सहज मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव पडले. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून १८६७ पासून इंदापूर आणि मग आसपासच्या तालुक्यांत साऱ्याची फेरआकारणी झाली आणि तो बराच वाढला. शेतकरी दोन्हीकडून अडकला.

आता खत, म्हणजे कर्जरोखा, कसं तयार व्हायचं ते पाहा. लिहिणार सावकार किंवा त्याचा माणूस. शेतकरी अंगठा उठवणार किंवा नांगराची निशाणी करणार. दर दोन-तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवं खत. मधे फेडलेल्या रकमेची पावती क्वचितच. मग सावकार दिवाणी कोर्टात जाणार, आणि कोर्ट फक्त खत पाहणार. खताच्या मागे काय झालं हे विचारण्याची पद्धतच नव्हती. कायद्याच्या दृष्टीने सगळं व्यवस्थित, लेखी, सहीशिक्क्याचं.

शिरूर तालुक्यातल्या करडे गावात डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि त्यांच्या घरावर टाच आली. रक्कम होती सुमारे दीडशे रुपये. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्याकडे काम करायचं नाही, त्यांच्या दुकानातून घ्यायचं नाही. हा बहिष्कार आसपासच्या गावांत पसरला. १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात उद्रेक झाला, आणि तिथून पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत. (सुपे आज बारामती तालुक्यात आहे.) एकूण ९५१ जणांना अटक झाली.

हे सगळं 'दख्खनचे दंगे' म्हणून पाठ्यपुस्तकात असतं. पण चौकशी आयोगाच्या अहवालातली एक गोष्ट वाचून थांबायला होतं. जमावाला मुख्यतः हवे होते ते कागद: खतं, हुकूमनामे, हिशोबाच्या वह्या. सावकाराने ते मुकाट्याने दिले, तर बहुतेक ठिकाणी पुढे काही झालं नाही. नाही दिले, तर जबरदस्ती झाली. म्हणजे ज्यांना वाचता येत नव्हतं त्या माणसांना नेमकं ठाऊक होतं की आपल्यावरची सत्ता कुठे ठेवलेली आहे. ती कपाटात होती, आणि तिथे काय लिहिलंय ते आपल्याला कधीच दाखवलं जात नाही, हे त्यांना पुरतं समजलं होतं.

सरकारने यावर काय केलं, हे तर ई-गव्हर्नन्सच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचायला हवं. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यात शेतकऱ्याचं खत ग्रामनिबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिलं गेलं पाहिजे अशी अट आली. सावकाराने पावती द्यायची, हिशोब द्यायचा, मागितल्यास पासबुक द्यायचं. कोर्टाने खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहाराचा हिशोब तपासायचा. म्हणजे लिहिताना तिसरा माणूस हजर, प्रत कर्जदाराकडे, आणि आव्हान द्यायची जागा. तंत्रज्ञान दौत आणि टाकाचंच होतं, प्रक्रिया बदलली.

आणि पळवाटही लगेच निघाली. गहाणखतावर कोर्ट हिशोब तपासतं ना, मग गहाणखत नकोच, थेट खरेदीखत करा, आणि "पैसे आणून दे, जमीन परत करतो" हे फक्त तोंडी ठेवा. हे इतकं वाढलं की पुढे कायद्यात दुरुस्ती करून तोंडी पुराव्यालाही वाव द्यावा लागला. नियम कागदाला बांधतो तेव्हा व्यवहार कागदाच्या बाहेर सरकतो, हे निरीक्षण आजही कामाला येईल.

सात, बारा आणि सहा

सर्व्हेच्या नोंदीत सारा कोणी भरायचा हे होतं, पण जमिनीवर कोणाकोणाचे हक्क आहेत हे नीट नव्हतं. त्यासाठी १९०३ मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा, म्हणजे रेकॉर्ड ऑफ राइट्सचा कायदा आला. १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यात सामावला गेला. आज आपण वापरतो तो महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा आहे. गाव नमुना सात म्हणजे हक्क, नमुना बारा म्हणजे पिकं. दोन्ही मिळून सातबारा. दरम्यान १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतनं गेली आणि तलाठी हा पगारी कर्मचारी गावाचं दप्तर सांभाळू लागला.

परीक्षेत सातबाऱ्यावर प्रश्न येतो, पण संशोधनाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा कागद गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. सातबाऱ्यावर जे काही बदलतं ते आधी इथे येतं. अधिनियमाचं कलम १५० वाचा. तलाठ्याने फेरफार लिहिला की त्याच वेळी त्याची पूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावायची, आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी कळवायचं. हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत (गाव नमुना सहा-अ) घेऊन सुनावणी. हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार, आणि मगच सातबारा बदलणार. एकदा नोंद प्रमाणित झाली की कलम १५७ प्रमाणे ती खरी मानली जाते. खोटी आहे असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं.

यात धोका कुठे आहे हे दिसतंय का? सगळा भार त्या पंधरा दिवसांवर आहे. वडील गेले, वारस नोंद लागली, आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणीचं नाव त्यात नाही. नोटीस चावडीत लागली, पण ती चावडीत येणार कधी? हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला. पण हक्क असणं आणि नोंदीच्या वेळी हजर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंधरा दिवस गेले, की पुढची लढाई प्रांत कचेरीत किंवा कोर्टात, आणि ती वर्षानुवर्षांची.

संगणक आला

जमिनीच्या नोंदी संगणकावर घेण्याची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातला जिल्हा होता वर्धा. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला, त्यालाच २०१६ पासून डिजिटल इंडियाचं नाव जोडलं गेलं. आपल्याकडे पुण्यातलं जमाबंदी आयुक्तांचं कार्यालय आणि एनआयसी यांनी ई-फेरफार प्रणाली उभी केली. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला की त्याची माहिती थेट तलाठ्याच्या लॉगिनला जाते, नोटिसा प्रणालीतून निघतात.

राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे. हाताने लिहिलेले सगळे टाइप करायचे म्हणजे चुका होणारच. क्षेत्रात १.२० च्या जागी १.०२, एखादा खातेदारच गळालेला, इतर हक्कातली विहिरीच्या पाण्याची नोंद गायब. त्यासाठी आधी एडिट आणि मग री-एडिट मॉड्यूल आलं. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा तंतोतंत जुळल्याची घोषणापत्रं करावी लागली.

आणि यातली एक पायरी मला फार महत्त्वाची वाटते. २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन झालं. संगणकातून काढलेले सातबारे गावात लोकांसमोर वाचून दाखवायचे, चूक असेल त्याने सांगायचं. सर्व्हर, डिजिटल सही, ओटीपी हे सगळं हाताशी असताना शेवटी खातरजमेसाठी शासनाला गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचायला लागलं. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासूनच्या जनसुनवाईत मस्टर रोल असेच जाहीर वाचले होते, आणि ज्यांची नावं त्यात होती तीच माणसं समोर बसून "मी तर या कामावर नव्हतो" असं सांगत होती. माहिती अधिकाराच्या चळवळीचं एक मूळ तिथे आहे. दुसरं आपल्या शेजारी, शिरूरला लागून असलेल्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा २००२ मध्ये आला, केंद्राच्या कायद्याच्या तीन वर्षं आधी.

१ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपये भरा, घरबसल्या उतारा घ्या. तलाठी कार्यालयातली फेरी वाचली, "साहेब मीटिंगला गेलेत" हे ऐकणं वाचलं. पीककर्ज, विमा, भूसंपादनाचा मोबदला, प्रत्येक ठिकाणी हा उतारा लागतो, तेव्हा हा बदल छोटा मुळीच नाही.

पण आपली कसोटी वेगळी होती, आठवतंय ना? उतारा हा झालेल्या गोष्टीचा कागद आहे. नोंद होण्याआधीचं काय? त्या दृष्टीने मला दोन सुधारणा जास्त मोलाच्या वाटतात, आणि त्यांची जाहिरात सर्वांत कमी झाली आहे. एक, 'आपली चावडी' हे संकेतस्थळ. फेरफाराची नोटीस तिथे कोणालाही, कुठूनही पाहता येते. दुसऱ्या गावी नांदणारी बहीण, मुंबईत नोकरी करणारा भाऊ, कोणीही. दोन, सातबाऱ्याच्या नव्या नमुन्यात शेवटचा फेरफार कोणता आणि एखादा फेरफार प्रलंबित आहे का, हे छापलेलं येतं. कलम १५० मधल्या चावडीचाच हा विस्तार आहे.

मग प्रश्न सुटला का?

शेजारचं कर्नाटक पाहा. तिथली 'भूमी' योजना २००० च्या सुमारास सुरू झाली आणि जगभर नावाजली गेली. हस्तलिखित नोंदी बंद, तालुक्याला किऑस्क, १५ रुपयांत उतारा. पण २००७ मध्ये सॉलोमन बेंजामिन आणि सहकाऱ्यांनी बंगळूरच्या परिसरात केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष उलटा होता. गावपातळीवरचे अधिकार तालुक्याला गेले, तिथे लाच उलट वाढली, आणि मोठ्या जमीन खरेदीदारांना एकत्रित माहिती सहज मिळू लागली. माहिती सगळ्यांना सारखीच खुली होती, पण ती वापरायची ताकद सारखी नव्हती. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या भोवतालच्या गावांत जमिनीचे व्यवहार कसे होतात यावर काम करायचं असेल, तर हा अभ्यास आधी वाचा आणि मग त्याला आपल्या भागात तपासा. तो इथे लागू होईलच असं धरून चालू नका.

दुसरं उदाहरण ई-पीक पाहणीचं. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः ॲपवर पिकाचा फोटो अक्षांश-रेखांशासह टाकायचा, तो नमुना बाराला जाणार. पूर्वी तलाठी लिहायचा, आता शेतकरीच लिहितो. वर मांडलेल्या कसोटीवर हे पाऊल पुढचं आहे, कारण ज्याच्याबद्दल नोंद आहे तोच ती करतो. पण वाट्याने जमीन कसणाऱ्याचं काय? करार तोंडी, सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही. पीक त्याचं, नोंद मालकाच्या खात्यावर. नुकसानभरपाई आली तर ती कोणाच्या बँक खात्यात जाईल? मघाचं १८७९ नंतरचं तोंडी ठेवलेलं आश्वासन आठवा.

आता तुमच्या कामासाठी थोडं

हा विषय घ्यायचा असेल तर काही व्यवहारी गोष्टी सांगते.

पहिली, परिणाम मोजण्याआधी प्रक्रिया काढा. एक फेरफार घ्या आणि अर्ज ते प्रमाणीकरण अशा सगळ्या पायऱ्या कागदावर मांडा. प्रत्येक पायरीला तीनच प्रश्न: कोण लिहितो, कोणाला दिसतं, कोण थांबवू शकतो? तुमचं गृहीतक बहुधा याच तक्त्यातून निघेल.

दुसरी, 'समाधान' मोजू नका, हरकती मोजा. एखाद्या गावात ऑनलाइन प्रणाली येण्याआधीच्या पाच वर्षांत आणि नंतरच्या पाच वर्षांत नमुना सहा-अ मध्ये किती तक्रारी आहेत? त्यांत स्त्रियांच्या किती, गावाबाहेर राहणाऱ्यांच्या किती? हरकती वाढल्या तर ते वाईट लक्षण समजू नका. कदाचित लोकांना नोंद वेळेत दिसू लागली असेल. आकड्याचा अर्थ लावताना दोन्ही शक्यता समोर ठेवा.

तिसरी, मागे जाताना क्रमांक बदलतो. १९४७ च्या कायद्याखाली जमिनींचं एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले. एकत्रीकरणाचा जबाब पाहिल्याशिवाय जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट एकच आहे असं लिहू नका. क्षेत्र तपासताना एकर-गुंठे आणि हेक्टर-आर यांचा गोंधळ टाळा. ४० गुंठ्यांचा एकर, आणि एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट.

चौथी, जुनं वाचा. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरचे तीन भाग आणि दख्खन दंगे आयोगाचा अहवाल दोन्ही इंग्रजीत आहेत आणि सहज मिळतात. अहवाल मुख्यतः सरकारी नजरेने लिहिलेला आहे. आयोगाला दंगलीचं कारण सावकारीत शोधणं सोयीचं होतं, साऱ्याच्या वाढीत शोधणं गैरसोयीचं. तो वाचताना हे डोक्यात ठेवा. त्याआधीच्या काळात जायचं असेल तर पुण्याचं पेशवे दप्तर आहे, पण त्यासाठी मोडी शिकावी लागेल. सहा महिने नेटाने दिलेत तर जमते, घाबरू नका.

पाचवी, नैतिकतेची. सातबारा सार्वजनिक आहे म्हणून त्यावरची नावं प्रबंधात छापायची नसतात. वाद चालू असलेल्या कुटुंबाचा गट नंबर तुमच्या तक्त्यात आला आणि उद्या तोच कोणी वापरला, तर? नावं काढा, गट नंबरला सांकेतिक क्रमांक द्या. लोकांच्या नोंदी खुल्या असाव्यात असं म्हणणाऱ्या अभ्यासकाने त्या जपूनही वापरायला हव्यात.

आणि शेवटी, घरी एक काम करून पाहा. तुमच्या कुटुंबाची कुठे जमीन असेल तर भूलेखवर सातबारा काढा, तो फुकट दिसतो. त्यावरचा शेवटचा फेरफार क्रमांक पाहा. मग घरातल्या आई-आत्या-काकू यांना विचारा, हा फेरफार झाला तेव्हा तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? जी उत्तरं मिळतील ती तारखेसह लिहून ठेवा. माझ्या मते पन्नास प्रश्नांच्या प्रश्नावलीपेक्षा चांगला संशोधन-प्रश्न त्यातून हाती लागेल. लागला, तर खाली कमेंटमध्ये नक्की कळवा.